हक्कसोडपत्रातली संमती

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे की नाही, हा वाद हिंदू वारसा कायद्यापुरता तरी आता मिटला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केले, मात्र दुरुस्ती लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्माने येतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट त्याला नाही, असा निर्वाळा दिला. तरीही गावोगावच्या सातबाऱ्यांवर मुलींची नावे टिकत नाहीत. त्याचे कारण शोधायचे तर न्यायालयांपेक्षा दुय्यम निबंधक कार्यालयात काय घडते ते पाहावे लागते.

पूर्वी मुलीला डावलण्यासाठी तिच्या सहीची फारशी गरज पडत नसे. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात तिला वाटा दिला होता. पण वारस नोंदीत तिचे नाव घातलेच जात नसे, घातले तर ‘इतर हक्क’ या रकान्यात जाई, किंवा थोरल्या भावाच्या नावापुढे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ एवढा शेरा मारून बाकी सगळ्यांना त्यात गृहीत धरले जाई. कायदा स्पष्ट झाला तसे हे दुर्लक्ष महाग पडू लागले. जमीन विकत घेणारा, कर्ज देणारी बँक, महामार्गाचा मोबदला वाटणारा भूसंपादन अधिकारी, या सगळ्यांनाच उद्या कोणी बहीण दावा घेऊन उभी राहणार नाही याची खात्री हवी असते. ज्या निकालांनी तिचा हक्क बळकट केला, त्याच निकालांनी तिच्याकडून तो लेखी सोडवून घेण्याची निकडही वाढवली, आणि ही निकड जिथे रस्ता, वसाहत किंवा प्लॉटिंग येऊन जमिनीचा भाव चढतो तिथे सर्वाधिक असते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे तिच्या वाट्याला प्रथमच खरी किंमत येते.

शासनाने ही वाट सोपी ठेवली आहे. भावाच्या लाभात, मोबदल्याविना लिहून दिलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. मसुदा ठरलेला असतो: मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता हक्क सोडत आहे, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही. बहीण सकाळी सासरहून येते, फोटो आणि अंगठा घेतला जातो, ओळख पटवणारे दोघे बहुधा भावाच्याच ओळखीचे असतात, आणि दस्त दुपारपर्यंत पुरा होतो. त्या सर्व्हे नंबरचा बाजारभाव काय, आपल्या वाट्याला किती गुंठे येतात, हे तिला कोणी सांगितलेच असेल असे नाही. साडीचोळी देऊन बोळवण होते. उलट तिला वाटा प्रत्यक्ष घ्यायचा असेल आणि भाऊ राजी नसेल, तर वाटपाचा दावा, मोजणी, अपील आणि शेवटी ताबा, अशी वर्षानुवर्षांची वाट आहे, आणि तेवढा काळ जमीन कसणारा भाऊच असतो.

या व्यवहाराला निव्वळ जबरदस्ती म्हणणे अपुरे होईल, कारण बहुसंख्य स्त्रिया सही करताना एक विचार करत असतात आणि तो अविचार नसतो. लग्न मोडले, नवरा गेला, सासरी छळ झाला, तर परतण्याची एकमेव जागा माहेर असते. बाळंतपण, दुखणे, मुलांची शिक्षणे यांतही आधार तिथलाच. राज्याने अशा स्त्रीसाठी दुसरा भरवशाचा आधार उभा केलेला नसल्यामुळे भावाचे घर तुटू न देण्याची किंमत म्हणून ती जमीन सोडते. मात्र या देवघेवीची एक बाजू नोंदणीकृत दस्त आहे आणि दुसरी नुसता शब्द. भावाने पुढे दार लावून घेतले, किंवा तो गेला आणि घर पुतण्यांच्या हाती आले, तर त्या शब्दाची अंमलबजावणी कोणतेही न्यायालय करून देत नाही. अनुचित प्रभावाच्या आधारे दस्त रद्द मागता येतो; पण मुदत तीन वर्षांची, सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि समोर तिच्याच सहीचे ‘राजीखुशीने’.

याच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. पहिला, ‘तुझा वाटा लग्नात दिला’. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. जो पैसा सासरच्यांच्या हाती गेला आणि तिच्या ताब्यात कधी नव्हताच, तो तिच्या वाट्यातून वळता करणे म्हणजे एका बेकायदा व्यवहाराची भरपाई तिच्याच कायदेशीर हक्कातून करणे होय. दुसरा युक्तिवाद अधिक समंजस वाटतो: ती माहेरचा सोडते तसा तिच्या नणंदाही सोडतात, म्हणजे प्रत्येक घराचा हिशेब बरोबर राहतो. घराचा राहतो, तिचा नाही. नणंदांनी सोडलेली जमीन नवऱ्याच्या नावावर चढते, तिच्या नव्हे, आणि दोन्ही घरांतल्या स्त्रियांनी सह्या केल्यावर दोन्ही सातबाऱ्यांवर पुरुषच उरतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करण्याची चळवळ उभी केली, आणि शासनानेही पत्नीचे नाव लावण्याची सोय केली, त्यामागे ही जाण होती. परंतु ती सोय नवऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

मृत्युपत्राची वाट आणखी सरळ. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 नुसार वडील आपला हिस्सा मृत्युपत्राने हव्या त्या मुलाला देऊ शकतात. गोव्याच्या नागरी कायद्यात निम्मी मिळकत अपत्यांसारख्या अनिवार्य वारसांसाठी राखीव असते, ती मृत्युपत्राने हिरावता येत नाही. वारसा खुला झाल्यावर हिस्सा सोडून देण्याची मुभा मात्र तिथेही आहे, त्यामुळे ते संरक्षण वडिलांपासून आहे, भावाच्या आर्जवापासून नाही.

आताची काळजी याहून पुढची आहे. 2025 पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला, आणि तो अधिकार अभिलेखाशी जोडलेला आहे. पीएम-किसानचे पैसे आधीपासूनच जमीनधारक कुटुंबाला मिळतात. ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नाही ती खुरपणी, कापसाची वेचणी, गुराढोरांचे सारे करत असली तरी नोंदीत शेतकरी ठरत नाही. एकेकाळी तलाठी किंवा कृषी सहायक ओळखीने थोडीफार वाट काढून देऊ शकत असे; अभिलेख आणि ओळख क्रमांक एकदा संगणकात जुळले की ती फटही बुजते. नवऱ्यामागे शेती ओढणारी विधवा आणि माहेरी परतलेली परित्यक्ता यांच्या बाबतीत त्या एका सहीचा परिणाम जमिनीपुरता राहणार नाही, पीककर्ज आणि अनुदानापर्यंत पोहोचेल. शिवाय अभिलेखात वगळणूक कुठेच दिसणार नाही. दिसेल ती स्वेच्छेने केलेली निवड, आणि धोरण आखणारा उद्या त्याच नोंदींवरून मुलींना जमीन नकोच असते असा निष्कर्ष काढील.

हक्कसोडपत्रावर सरसकट बंदी घालणे मला योग्य वाटत नाही, कारण कमावती बहीण विचारपूर्वक भावाला वाटा देऊ शकते आणि तिचा तो अधिकार काढून घेणेही अन्याय्य होईल. पण वडिलांच्या निधनानंतर किमान वर्षभर असा दस्त नोंदवू नये, दस्तात सोडलेल्या हिश्श्याचे क्षेत्र आणि रेडी रेकनरचा दर लिहिणे सक्तीचे असावे, दुय्यम निबंधकाने तिच्याशी भाऊ आणि साक्षीदार बाहेर असताना बोलावे, आणि वारस नोंदीत मुलीचे नाव कोणी मागितले नाही तरी थेट कब्जेदार सदरी लागावे. यातल्या बहुतेक गोष्टींना संसदेची गरज नाही. महसूल आणि नोंदणी ही दोन्ही खाती राज्याच्या हातात आहेत.