रंकाळ्याला फेऱ्या झाल्या, बैठकांचं काय?

कोल्हापुरात व्यायाम म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. पहाटे तालमीच्या लाल मातीत घाम गाळणारी पोरं, नाहीतर संध्याकाळी रंकाळ्याभोवती चालणारी मंडळी. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक बायका या दुसऱ्या चित्रातल्या. नेमाने चालतात, गोड सोडलेलं असतं, रात्रीचा भात बंद केलेला असतो. पण खुर्चीवरून उठायला सांगितलं की दोन्ही हात आपसूक दांड्यांकडे जातात. तक्रार गुडघ्याची घेऊन आलेल्या असतात, पण मला काळजी वाटते ती त्या हातांची. मांड्यांना वर ढकलायचा जोर उरलेला नाही, हेच ते हात सांगत असतात.

चालणं चांगलंच आहे. हृदयाला, साखरेला, मनालाही. पण निव्वळ चालण्याने ताकद फारशी वाढत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, आणि साठीनंतर ही घट आणखी वेग घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्यासोबत किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. पहिला अर्धा भाग आपण पाठ केला, दुसरा सोडून दिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मॅडम, दिवसभर घरात राबतोय की. आणि वर व्यायाम कसला?’ त्या राबतात हे शंभर टक्के खरं. पण थकवा येणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार पडला आणि तो हळूहळू वाढत गेला, तरच स्नायू बळकट होतो. तीच भांडी, तेच कपडे, तीच लादी. शरीराला त्याची सवय होऊन वर्षं लोटली. शिवाय स्वयंपाक ओट्यावर गेला, लादी उभ्याने पुसली जाऊ लागली, जातं तर कधीच गेलं. गेलं ते बरंच झालं, जात्याशी पुन्हा कुणी बसू नये. पण त्या कष्टांबरोबर दिवसातून वीस वेळा खाली बसणं-उठणंही गेलं, आणि त्याची भरपाई कुणी केली नाही.

गुडघे दुखायला लागले की सल्ला मिळतो, खाली बसू नका, मांडी घालू नका. दुखणं जोरात असताना तो रास्तच आहे. पण पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून तो जन्मभराचा होतो. खाली बसायचं नाही, म्हणून मांड्या आणखी कमजोर, म्हणून गुडघ्यावर आणखी ताण. गुडघ्याच्या झिजेवर नेमका बसवलेला व्यायाम हाच मुख्य उपचारांपैकी एक मानला जातो. आपल्याकडे मात्र गोळी आणि पट्टा आधी, व्यायाम जमलाच तर.

याला जिमची गरज नाही. घरात एक भक्कम खुर्ची असते, ती भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधून उठा आणि तीन अंक मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की एक उशी काढा, मग दुसरी, मग खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्या. ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी शेवटी आपली साधी बैठक आहेच.

हातांचंही तसंच. ६० किलो वजनाची बाई जमिनीवर पुशअप काढते तेव्हा तिच्या हातांवर शरीराचा सुमारे ६४ टक्के भार येतो, म्हणजे ३८ किलो. हात दोन फूट उंचीवर ठेवले तर तोच भार ४१ टक्क्यांवर, म्हणजे २५ किलोच्या आसपास येतो. स्वयंपाकाचा ओटा त्याहून उंच, म्हणून आणखी हलका. सुरुवात भिंतीवर, मग ओट्यावर, मग पलंगाच्या काठावर. पाठीला ओढण्याचा व्यायाम लागतो, तो नुसत्या शरीराने घरात नीट होत नाही. त्यासाठी कापडी पिशवीत पाच किलो तांदूळ घाला, कमरेत वाका आणि पिशवी पोटाकडे ओढा. श्वास कोंडू नका. हृदयविकार असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही. आधी झेपेल तेवढं, मग रोज थोडं वाढवत नेतो. पेठापेठांत हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या चालत आलं, पण फार काळ उंबऱ्याच्या आत बायकांपर्यंत आलं नाही. मुलाच्या खुराकाची, दूध-बदामाची चर्चा घरभर होते. त्याच्या आईला पाटावरून उठताना भिंत धरावी लागते, ते वयाच्या नावावर खपवलं जातं.

वयाचं हे कारण मला मान्य नाही. नव्वदीच्या घरातल्या मोजक्या वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम दिल्याचा एक अभ्यास १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांची मांड्यांची ताकद सरासरी १७० टक्क्यांहून जास्त वाढली होती. नव्वदीत हे होत असेल, तर पन्नाशीत ‘आता काय व्हायचं’ म्हणायला जागाच नाही.

तेव्हा डॉक्टरांनी कागदावर ‘चाला’ लिहिताना खाली ‘आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस’ असंही लिहावं, किती वेळा तेही लिहावं. आणि घरच्यांनी मंगळवार-शुक्रवारची वीस मिनिटं आईला मोकळी करून द्यावीत. तेवढ्या वेळात चहा दुसऱ्या कुणी टाकला तर बिघडत नाही.