दीड महिन्याचे पाहुणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या चेंबूरच्या घरी चार पाहुणे आले. आंब्याच्या रिकाम्या पेटीत जुन्या टॉवेलवर एकमेकांना चिकटून झोपलेली मांजराची पिल्ले. वय दोन आठवडे, डोळे नुकतेच उघडलेले. जनावरांच्या एका निवाऱ्यात काम करणारी मुलगी त्यांना घेऊन आली होती. तिने आधीच फोनवर सांगितले होते, “ताई, कायमची नाहीत. फक्त दीड महिना. मग आम्ही त्यांना घर शोधतो.”

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “दोन खोल्यांत आपण पाच माणसं. त्यात ही चार. बरं, दीड महिना म्हणजे दीडच महिना हं!”

वाचक भगिनींनो, याला हल्ली ‘फोस्टर करणे’ म्हणतात. निवाऱ्यातल्या जनावराला हक्काचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायचे. निवारा असताना घर कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. त्या मुलीने समजावले की, इतक्या लहान पिल्लांसाठी निवारा ही चांगली जागा नाही. तिथे आजारी मांजरे येतात. ‘पॅनल्युकोपेनिया’ नावाचा विषाणूचा आजार एका पिल्लाला झाला, तर सगळी पेटी बघता बघता रिकामी होते. त्यावरची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देतात. तोवर पिल्लू इतर मांजरांपासून दूर राहिलेलेच बरे. शिवाय रात्री दर तीन-चार तासांनी उठून प्रत्येकाला दूध पाजायला तिथे तेवढे हात नसतात.

ही पिल्ले अनाथ कशी झाली, तेही ऐका. एका दुकानाच्या मागे ती एकटी रडताना दिसली, म्हणून एका भल्या माणसाने दया येऊन ती उचलून आणली. आई तेव्हा बहुधा खाणे शोधायला गेली होती. परत आली तेव्हा जागा रिकामी. मला हे ऐकून लाज वाटली, कारण काही वर्षांपूर्वी जिन्याखालून दोन पिल्ले मीही अशीच उचलली होती आणि वाटीत गाईचे दूध ठेवून पुण्याचे काम केले असे समजले होते. त्यांना जुलाब झाले. दोन्ही वाचली नाहीत. गाईचे दूध पिल्लांना पचत नाही, हे मला ठाऊक नव्हते. पिल्ले दिसली आणि जागा सुरक्षित असेल, तर आधी लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. आईच्या दुधाची बरोबरी आपल्याला येत नाही.

या वेळी मात्र सगळे शिकून घेतले. पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते. ती कोमट पाण्यात कालवून छोट्या बाटलीने पाजायची. पाजताना पिल्लू पोटावर असले पाहिजे, जसे ते आईला पिताना असते. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. अंग गार असलेल्या पिल्लाला पाजायचे नाही, कारण ते पचवू शकत नाही. आधी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली जवळ ठेवून ऊब द्यायची. आणि दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखाली हलके पुसायचे. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लांना त्याशिवाय लघवी-शी होत नाही. आई हे काम जिभेने करते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा मी त्यांच्यासाठी वेगळा काढला. वहीत रोज चौघांचे वजन लिहायचे काम मुलीने घेतले. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले की ठीक. नावे ठेवू नका, असे मी बजावले होते, पण आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी पहिल्याच संध्याकाळी ठेवून टाकली. काजळ, फिरनी, बदाम आणि सगळ्यांत लहान तो जिरू.

जिरू चौथ्या दिवशी गेला. दोन दिवस त्याचे वजन १४० ग्रॅमवरच अडकले होते. मुलीने वही दाखवली होती. मी म्हटले, उद्या वाढेल. तिसऱ्या दिवशी वजन घटले, रात्री तो दूध तोंडात घेईना, आणि पहाटे दवाखाना उघडण्याआधीच संपला. डॉक्टर नंतर म्हणाले की, आधी आणला असता तरी वाचला असताच असे नाही. पण एवढ्याशा जिवाला ‘उद्या पाहू’ परवडत नाही. एक दिवस वजन वाढले नाही तर लगेच विचारायचे, हे मी त्या वहीवर लाल अक्षरात लिहून ठेवले आहे.

शेजारच्या खाला विचारायला आल्या. त्यांची शंका वेगळी होती. घरात मांजरे फिरणार, वुजूच्या पाण्याला तोंड लावणार, मग नमाजचे काय? मी काही बोलण्याआधी अम्मींनीच उत्तर दिले. त्यांनी हजरत अबू कतादा (रजि.) आणि त्यांची सून कब्शा यांची गोष्ट सांगितली. सुनेने सासऱ्यांच्या वुजूसाठी पाणी ठेवले. मांजर आले, तर त्यांनी त्याला पिता यावे म्हणून भांडे कलते केले. सून नवलाने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की, मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. “सासऱ्याने सुनेला शिकवलेली गोष्ट आहे ही,” अम्मी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. दीड महिन्याची अट त्यानंतर पुन्हा कधी त्यांच्या तोंडून निघाली नाही.

मांजर पाक असले तरी काळजी घ्यावीच लागते. पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. रेतीचा ट्रे रोज साफ करायचा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. पिल्लांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर मुलांना गजकर्ण होऊ शकते. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायचे. रेबीजच्या बाबतीत चालढकल नको.

चार आठवड्यांची झाल्यावर तिघे बशीतले मऊ खाणे खाऊ लागले. पडद्यावर चढले, अब्बांच्या चपलेत झोपले, अम्मींच्या तसबीहच्या मण्यांमागे धावले. जंताचे औषध झाले, आठव्या आठवड्यात पहिली लस झाली. आणि तेव्हाच त्या मुलीचा फोन आला की, घरे बघायला सुरुवात करूया.

खरे काम इथून पुढचे होते. घ्यायला आलेल्या लोकांना आम्ही काही प्रश्न विचारायचो. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? खिडक्यांना जाळी आहे का? मुंबईत वरच्या मजल्यांवरून मांजरे पडतात, ती उंचीला भीत नाहीत. वय झाल्यावर नसबंदी कराल का? घर बदलले, बाळ झाले, तर मांजराचे काय कराल? एका कुटुंबाला मुलीच्या वाढदिवसाला ‘सरप्राइज’ द्यायचे होते. त्यांना नम्रपणे नाही म्हटले. एकांना सोसायटीची भीती होती. त्यांना सांगितले की, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव जनावरांवर बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे.

काजळ आणि फिरनी जोडीने घाटकोपरला एका निवृत्त शिक्षिकेकडे गेल्या. बदामला टिळकनगरचे एक जोडपे घ्यायला येणार, त्या दिवशी चिरंजीव त्याला घेऊन मोरीत दार लावून बसला. “जिरू गेला, त्या दोघी गेल्या. हा तरी राहू दे. आपण याला वाढवलं ना?”

मला उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर मलाही तो हवा होता. अम्मी दाराशी स्टूल घेऊन बसल्या आणि आतल्या नातवाशी बोलू लागल्या. “बेटा, मक्केचे लोक प्रेषितांचे (स.) वैरी होते, तरी आपल्या अमानती त्यांच्याकडेच ठेवायचे. हिजरतच्या रात्रीही ज्याची त्याला परत मिळावी म्हणून त्यांनी हजरत अलींना (रजि.) मागे ठेवलं. हा बदाम आपल्याकडे अमानत आहे. आणि तो राहिला, तर पुढची पेटी आपण कुठे ठेवू?”

बऱ्याच वेळाने दार उघडले. अम्मींनी आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा फाडून बदामच्या टोपलीत घातला, नव्या घरात ओळखीचा वास असावा म्हणून. चिरंजीवाने टोपली स्वतः खालपर्यंत नेली. वर येऊन तो जेवला नाही. रात्री वहीचे नवे पान काढून त्याने त्यावर चार रकाने आखले.

तुम्हालाही असे काही करावेसे वाटले, तर आपल्या भागातल्या संस्थेकडे विचारा. आमच्या बाजूला देवनारला ‘इन डिफेन्स ऑफ ॲनिमल्स’चे काम आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, ते चालवणारी संस्था १८७४ सालची. पिल्ले घेताना दूध, औषध आणि डॉक्टर यांचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, आणि घर मिळाले नाही तर पिल्ले परत कोण घेणार, हे आधी ठरवून घ्या. एवढे जमत नसेल, तर गल्लीतल्या एका मांजरीची नसबंदी करून आणा. तेही मोठे काम आहे. तिची पुढची पिल्ले आंब्याच्या पेटीत येणार नाहीत.

आमची पेटी माळ्यावर आहे. परवा अम्मींनीच ती उतरवून उन्हात ठेवलेली दिसली. मी काही विचारले नाही.