काय नको ते कळलं, काय हवं ते?

गटाच्या बैठकीत पुस्तक वाचू या म्हटलं, की प्रश्न येतो, ‘मजुरी, रेशन, दारू एवढं पडलेलं असताना हे कशाला?’ आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असूनही बायकांना दारूविरुद्ध लढावं लागतं. काय नको, हे त्या ठणकावून सांगतात. पण चांगलं जगणं म्हणजे काय, हे बोलायला त्यांना सवड कुठे मिळते?

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नव्हती. मराठीत सोपी गीता तूच लिही, असं त्यांनी मुलाला सांगितलं. ‘गीताई’ वर्ध्यात १९३०-३१ साली लिहून झाली. आई १९१८ सालीच गेली होती. मागणी बाईची, पण पुस्तक तिच्या हाती पडलंच नाही.

पुढे १९५९ साली विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथे अभ्यास आणि अंगमेहनत सोबत चालतात. पण तिथे राहायचं तर संसार बाजूला ठेवायचा. निंदणाला जाणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या बाईने अभ्यास कुठे करायचा?

आपल्याच बैठकीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’त पुस्तकांतल्या, नाटकांतल्या बायकांच्या चित्रणाचा जाब विचारला. आपणही विचारू. एकीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी मध्येच थांबवावं : ही बाई सुखी होती का? सुख कोणी ठरवलं? मला काय हवं?

अक्षरओळख नसलेल्या बाईलाही याचं उत्तर देता येतं. तिला कोणी विचारत नाही, एवढंच.