‘मला चालेल हो, पण लोकांना चालणार नाही’

२०२५ च्या जूनमधला पहिला शनिवार. एडिसनला मैत्रिणीकडे जेवणं आटोपली होती, पिठल्याची कढई भिजत पडली होती आणि टेबलावर टपालाने आलेली नमुना मतपत्रिका उघडून ठेवली होती. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी तीन दिवसांवर, १० जूनला होती. नावं सहा : मिकी शेरिल, रास बराका, स्टीव्ह फुलप, जॉश गॉटहायमर, शॉन स्पिलर, स्टीव्ह स्वीनी. मैत्रिणीने त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. “अगं, मला याचं सगळं पटतं. बोलतोही मनापासून. पण मत नाही देणार मी याला. नोव्हेंबरमध्ये लोक याला देणार नाहीत ना!” आणि तिचं बोट दुसऱ्या नावावर सरकलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्या रात्री काही बोलले नाही. ते बोलायला हवं होतं, म्हणून हा लेख.

हे वाक्य मी या देशात प्रत्येक प्रायमरीच्या वेळी ऐकत आले आहे, आणि ते बोलणारी माणसं मूर्ख नसतात, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं असं, की प्रायमरी म्हणजे आवडनिवड सांगण्याची जागा नव्हे. पक्षाचा उमेदवार नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत हरला तर त्याची उत्तम धोरणं कागदावरच राहतात आणि चार वर्षं दुसऱ्या पक्षाचं राज्य सोसावं लागतं. म्हणून जो निवडून येईल त्याच्याच मागे उभं राहावं. पुरावा म्हणून ते १९७२ सालाकडे बोट दाखवतात. डेमोक्रॅट मतदारांनी मनासारखा उमेदवार निवडला, जॉर्ज मॅकगव्हर्न, आणि निक्सननी त्यांना ५० पैकी ४९ राज्यांत हरवलं. मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन शहर, एवढंच पदरात पडलं. रिपब्लिकन घरांत हाच दाखला १९६४ च्या गोल्डवॉटरचा असतो : हाती लागली अवघी सहा राज्यं.

दाखला खरा आहे, पण अर्धाच आहे. मॅकगव्हर्ननंतर बारा वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच पक्षाने तो धडा गिरवला. गॅरी हार्ट हा नवखा उमेदवार नको म्हणून माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांना उभं केलं. अनुभवी माणूस, कामगार संघटनांचा पाठिंबा, पक्षयंत्रणा सगळी मागे. ते किती राज्यांत हरले? ४९. मिनेसोटा हे त्यांचं स्वतःचं राज्य आणि वॉशिंग्टन शहर, एवढंच त्यांना मिळालं. मनासारखा उमेदवार ४९ राज्यांत हरला, म्हणून मन बाजूला ठेवा, असं सांगणाऱ्याने हिशोबाने निवडलेला उमेदवारही ४९ राज्यांतच हरला, हे सांगायला नको का?

आणखी पाहा. २००४ मध्ये डेमोक्रॅट मतदारांनी हॉवर्ड डीन यांना सोडून जॉन केरींना पसंत केलं. युद्धकाळात बुशसमोर व्हिएतनामचा पदकविजेता सैनिक उभा केला की त्याच्या देशभक्तीवर कोण बोट ठेवणार, हा हिशोब. त्या ऑगस्टमध्ये विरोधी जाहिराती आल्या त्या नेमक्या त्याच सैनिकी सेवेवर, आणि केरी हरले. रिपब्लिकनांची गोष्ट उलट बाजूने तीच सांगते. १९७६ मध्ये त्यांनी रॉनल्ड रेगन यांना मागे सारून फोर्डना उमेदवारी दिली, फोर्ड हरले. चार वर्षांनी त्याच रेगननी ४४ राज्यं जिंकली. आणि २०१६ मध्ये सतरा जणांच्या गर्दीतून आलेल्या ट्रम्प यांच्याबद्दल तर त्यांच्याच पक्षातले जाणते शपथेवर सांगत होते, की हा माणूस नोव्हेंबर जिंकूच शकत नाही.

यातून ‘मनातला उमेदवार नेहमी जिंकतो’ असा नियम मी काढत नाही. तोही खोटा ठरेल. माझं म्हणणं इतकंच, की पाच-दहा महिन्यांनी लाखो अनोळखी माणसं काय करतील हे तुम्हाला-मला कळत नाही, आणि ज्यांचा तो धंदा आहे त्यांनाही कळत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२५ च्या सुरुवातीला जोहरान ममदानींचं नाव चाचण्यांत जेमतेम दिसत होतं. २४ जूनच्या प्रायमरीत त्यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमोंना हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा हरवलं. त्यांची मतं कुणाला पटोत न पटोत, ‘हा येणारच नाही’ हे भाकीत खोटं पडलं, एवढं तर मान्य करावंच लागेल.

मग २०२०चं काय, असं मैत्रीण विचारेल. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले, तरी ‘हेच ट्रम्पना हरवतील’ म्हणून लोकांनी त्यांना उचललं आणि त्यांनी हरवलंही. हो, हरवलं. पण जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन मिळून सुमारे ४३ हजार मतांच्या फरकावर ती निवडणूक उभी होती. आणि बायडनना जिथे जीवदान मिळालं त्या साऊथ कॅरोलायनाकडे नीट पाहिलं तर मला वेगळं काही दिसतं. तिथले कृष्णवर्णीय मतदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते, ओबामांबरोबरची आठ वर्षं त्यांनी पाहिली होती आणि जेम्स क्लायबर्न यांच्यासारख्या आपल्या ज्येष्ठ नेत्याचा शब्द त्यांना वजनदार वाटला. ओळखीच्या माणसावर विश्वास टाकणं हा अंदाज नव्हे. तो स्वतःचा निर्णय आहे, आणि मी त्याच्याच बाजूने लिहिते आहे.

‘निवडून येणारा’ या युक्तिवादात आणखी एक खोट आहे. तो कधी तपासताच येत नाही. २०२५ मध्ये मिकी शेरिल साधारण एक तृतीयांश मतं घेऊन प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरही जिंकल्या. “बघ, बरोबर ठरलं ना!” असा मैत्रिणीचा फोन आला. पण उरलेल्या पाच जणांपैकी कोण हरलं असतं? कुणालाच ठाऊक नाही. ज्याला परीक्षेला बसूच दिलं नाही त्याला नापास कसं ठरवायचं?

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. ‘मला चालेल हो, पण लोकांना चालणार नाही’ हे वाक्य आपण मराठी माणसांनी राजकारणात पहिल्यांदा ऐकलेलं नाही. ते आपण लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं आहे. मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला की घरातली सुशिक्षित माणसं हेच म्हणायची : आमचं काही नाही हो, पण भावकी काय म्हणेल? भावकीतल्या प्रत्येक घरात जाऊन विचारलं असतं तर तिथेही हेच उत्तर मिळालं असतं. कुणाचंच काही नाही आणि तरी लग्न मोडतं. प्रायमरीतही बाईबद्दल, काळ्या माणसाबद्दल, परक्या नावाच्या उमेदवाराबद्दल नेमकं हेच बोललं जातं. स्वतःच्या मनात पूर्वग्रह नसलेला माणूस शेजाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहाचा अंदाज बांधतो आणि स्वतःच्या हाताने तो अमलात आणतो. शेजारी बिचारा कदाचित वेगळंच मत देऊन आलेला असतो.

२००८ मध्ये हे उघड दिसलं. साऊथ कॅरोलायनातले अनेक कृष्णवर्णीय मतदार आधी हिलरी क्लिंटन यांच्याकडे होते. ओबामा आवडत नव्हते म्हणून नव्हे. गोरे लोक त्यांना मत देतील यावर विश्वास बसत नव्हता. ३ जानेवारीला आयोवाने, म्हणजे जवळजवळ सगळ्या गोऱ्यांच्या राज्याने, ओबामांना पहिलं केलं. तेवीस दिवसांनी साऊथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मतं पडली. आयोवातल्या शेतकऱ्यांनी आणि मास्तरांनीही त्या थंडीत ‘लोकांना चालेल का’ असा विचार करून हात आखडता घेतला असता तर?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तर उमेदवार निवडण्याच्या या हक्काची किंमत निराळी सांगायला नको. तिकडे तिकीट कोण ठरवतं? मुंबईत किंवा दिल्लीत पक्षश्रेष्ठी बसतात, ‘इलेक्टिव्ह मेरिट’ नावाचा तराजू काढतात, त्यात पैसा, जात आणि गाड्यांचा ताफा तोलतात आणि शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी हातात एबी फॉर्म पडतो. पंधरा वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता एक तर रडतो किंवा बंडखोरी करतो. मतदाराला कुणी विचारत नाही. इथेही फार वेगळं नव्हतं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता पक्षाची उमेदवारी मिळवली, त्या अधिवेशनाच्या वेळी शिकागोच्या रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्यानंतर नियम बदलून उमेदवार निवडण्याचं काम खऱ्या अर्थाने मतदारांकडे आलं. इतक्या झगड्याने एबी फॉर्म आपल्या हातात आला. आणि तो हातात आल्यावर आपण काय करतो? पक्षश्रेष्ठींसारखेच बसतो आणि ‘इलेक्टिव्ह मेरिट’ तोलू लागतो!

न्यू जर्सीत तर हा हक्क पुरता हातात यायला २०२४ उजाडलं. आमच्याकडे ‘काउंटी लाइन’ नावाचा प्रकार होता. पक्षाच्या काउंटी समितीने ज्यांना पाठिंबा दिला त्यांची सगळी नावं, वरच्या पदापासून खालच्यापर्यंत, मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत. बाकीचे कुठेतरी कडेला, एकेकटे. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालत होतं. माझंही बोट कित्येक वर्षं त्या रांगेवरून सरळ खाली गेलेलं आहे. शेजारच्या रकान्यातलं नाव वाचायचं असतं हेच सुचलं नाही. सिनेटच्या जागेसाठी उभे राहिलेले अँडी किम या रांगेविरुद्ध न्यायालयात गेले. मोठ्या काउंट्यांचे पक्षनेते तेव्हा गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्यामागे होते. किम काउंटी-काउंटीच्या अधिवेशनांत साध्या कार्यकर्त्यांची मतं मिळवत गेले, मर्फींनी माघार घेतली, आणि २९ मार्च २०२४ रोजी संघीय न्यायाधीश जाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही रांग थांबवली. किम आज सिनेटमध्ये आहेत. पुढे कायदाच बदलला. त्या शनिवारी टेबलावर पडलेल्या मतपत्रिकेवर म्हणूनच सहा नावं एकाखाली एक, सारख्या मानाने छापलेली होती. कुणीतरी कोर्टात जाऊन मिळवून दिलेली ती समानता आम्ही पिठलं-भात जिरायच्या आत मोडून टाकत होतो.

‘आपला माणूस’ या युक्तिवादाबद्दलही दोन शब्द, कारण तो आपल्या मंडळांत फार चालतो. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून प्रायमरी जिंकून संसदेत गेले. मराठी माणूस तिथे पोचला याचा मला आनंद झाला. पण आडनाव ऐकून आनंद व्हावा, मत देऊ नये. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना २८ टक्के मतं पुरली. नोव्हेंबर तिथे नावापुरता होता. तो मतदारसंघच पक्का डेमोक्रॅटिक. अशा एकतर्फी मतदारसंघांत जो प्रायमरी जिंकेल तोच येणार असतो. तरी तिथेही लोक ‘निवडून कोण येईल’ हाच विचार करत बसतात, याचं मला नवल वाटतं.

मग निवडायचं कशावरून? एकाच पक्षाच्या सहा जणांची धोरणं बरीचशी सारखीच असतात, हे खरं. पण त्यांचं आधीचं काम सारखं नसतं. जो महापौर होता त्याच्या शहरातल्या शाळा आणि पाण्याचे नळ बघा. जो काँग्रेसमध्ये आहे त्याने कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं ते बघा. ते सगळं जाहीर असतं. त्याला पैसा कुणी दिला तेही जाहीर असतं. जमलं तर वाचनालयातल्या सभेला जा आणि अडचणीचा प्रश्न आल्यावर तो काय करतो ते बघा : उत्तर देतो की पाठ केलेलं भाषण पुन्हा सुरू करतो? मी २०२५ मध्ये अशा दोन सभांना गेले आणि माझं आधीचं मत बदलून आले. उमेदवाराचा तोल, अभ्यास, माणसांशी वागणं हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. बेताल, खोटं बोलणारा उमेदवार नको, हे ठरवायला पेनसिल्व्हेनियातल्या कुणा काल्पनिक मतदाराला विचारावं लागत नाही.

एक सवलत मी देते. मतं सहा ठिकाणी फुटणार असतील, तुमचा उमेदवार शर्यतीतून बाहेर गेल्यातच जमा असेल आणि उरलेल्यांपैकी एक तुम्हाला अजिबात नको असेल, तर दुसऱ्या पसंतीला मत देणं गैर नाही. न्यूयॉर्क शहरात मतपत्रिकेवर पाचपर्यंत पसंतीक्रम लिहिता येतात, त्यामुळे तिथे ही ओढाताणच उरत नाही. न्यू जर्सीतही ती सोय यावी असं मला वाटतं. पण दुसरी पसंती म्हणजे तुमचीच दुसरी पसंती. शेजाऱ्याची पहिली नव्हे.

तेव्हा पुढच्या प्रायमरीला मतपत्रिका घरी आली की ती एकट्याने वाचा, चारचौघांत नाव ठरवण्याआधी. न्यू जर्सीत मतदान जूनमध्ये, मंगळवारी, सकाळी ६ ते रात्री ८ असतं. कोणत्याच पक्षात नाव नोंदवलेलं नसेल तरी चालतं. कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते त्याच दिवशी केंद्रावर सांगता येतं.