आचाऱ्यानं वाढायला जाऊ नये

वर्डप्रेसच्या थीममध्ये स्वतःचं फंक्शन लिहिणं सोप्पं असतं. फंक्शन्स.पीएचपी उघडा, चार ओळी टाका, झालं. खरा प्रश्न त्यापुढे येतो. त्या फंक्शनचं उत्तर पानावर दाखवायचं कुणी? फंक्शननं स्वतःच इको करायचं, की रिटर्न करून बाकीचं टेम्प्लेटवर सोडायचं?

माझं मत ठाम आहे. फंक्शननं रिटर्न करावं, छापणं हे टेम्प्लेटचं काम.

लग्नाची पंगत आठवा. आचारी मागे चुलीपाशी, वाढपी पुढे पानांपाशी. आचारीच झारा घेऊन पंगतीत शिरला तर कुणाच्या पानात काय पडेल याचा नेम नाही!

२००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसमध्ये ही विभागणी नावातच दिसते. द_टायटल() थेट छापतं, गेट_द_टायटल() मजकूर नुसता हातात देतं. शॉर्टकोडमध्ये तर पर्यायच नाही. तिथे इको केलं, की लेखाच्या मधे यायला हवा तो मजकूर लेखाच्या डोक्यावर जाऊन बसतो. कारण लेख छापला जायच्या आधीच शॉर्टकोड चालून गेलेला असतो.

आता आपल्या मराठीचं दुखणं. वर्डप्रेसची भाषा मराठी केली की महिने, वार मराठीत येतात, पण तारखेतले आकडे इंग्रजीच राहतात. म्हणून लोक आकडे बदलणारं छोटं फंक्शन लिहितात. चांगलंच आहे. पण घाईघाईत ते द_कंटेंट या फिल्टरला, म्हणजे अख्ख्या मजकुराला लावून मोकळे होतात.

आमच्या हुडकेश्वरमधल्या एका दुकानाच्या साईटवर मी नेमकं हेच पाहिलं. पान झकास मराठी दिसत होतं, मालक खूश. पण वाचायचा मजकूर कुठला आणि एचटीएमएल कुठलं, हे अशा फंक्शनला कळत नाही. 'फोन करा' या लिंकच्या आतला नंबरही देवनागरी होऊन बसला होता. दाबलं तरी फोन लागेना. फोटोच्या पत्त्यातले आकडे बदलले तर फोटो निदान गायब झालेला दिसतो... न आलेला फोन दुकानदाराला कसा कळणार?

उपाय साधा आहे. नंबर डेटाबेसमध्ये जसाच्या तसा ठेवा. फंक्शननं तो तसाच रिटर्न करावा. मग टेम्प्लेटमध्ये लिंकच्या आत मूळ नंबर ईएससी_यूआरएल() मधून, आणि डोळ्यांना दिसायच्या जागी देवनागरी आकडे ईएससी_एचटीएमएल() मधून. नंबर एकच, पण दोन जागी त्याची रूपं दोन. कुठे कुठलं हवं, हे फक्त टेम्प्लेटलाच माहीत असतं. फंक्शननं आधीच छापून टाकलं तर निवडायला उरतं काय?

काही जण म्हणतील, "अरे, छोट्या साईटला एवढे सोपस्कार कशाला?" मला उलट वाटतं. मोठ्या कंपनीत टेस्टिंगला वेगळी टीम असते. कोपऱ्यावरच्या दुकानाची टेस्टिंग टीम म्हणजे थेट गिऱ्हाईक, आणि ते बग कळवत बसत नाही. सरळ पुढच्या दुकानात जातं.

असो. या वीकेंडला आपली फंक्शन्स.पीएचपी उघडा आणि त्यात इको किती वेळा आलाय तेवढं मोजा. बाकीचं काम आपोआप दिसेल :)