मतांची नोंद कोठे आहे?

हरितगृह वायूंना आवर घालणारे विधेयक २००६ साली कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहात ४६ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाले. प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले गेले. अशा नोंदींवरूनच तेथील पर्यावरणवादी संघटना लोकप्रतिनिधींची गुणपत्रिका दरवर्षी प्रसिद्ध करतात. महाराष्ट्र विधानसभेत मात्र बहुतेक विधेयके आवाजी मतदानानेच संमत होतात. मतविभागणी झाली तरच नावे नोंदली जातात. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. हे बंधन तूर्त राहो. परंतु वने, पाणी व हवा यांविषयीच्या विधेयकांवर तरी मतविभागणी सक्तीची व्हावी. आपल्या प्रतिनिधीने कोणता कौल दिला हेच ज्या मतदाराला कळत नाही, त्याने जाब कोणाला विचारावा?