सुटू न दिलेला प्रश्न!

लोकशाहीत एखादा प्रश्न सुटत नाही, याची कारणे दोनच संभवतात. एक तर त्याचे उत्तर कोणास सापडलेले नसते. किंवा उत्तर समोर असते, परंतु प्रश्न सुटला तर उद्या मते कशाच्या बळावर मागावयाची, ही विवंचना पुढाऱ्यांस पडलेली असते. पहिले कारण क्षम्य आहे, दुसरे नाही. अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मेक्सिकोच्या सरहद्दीचा आणि ती ओलांडून येणाऱ्या परकीयांचा प्रश्न ज्या रीतीने गाजविला गेला, ती पाहिली म्हणजे हे दुसरे कारण किती घातक असते याची खात्री पटते. अमेरिकेचा अध्यक्ष कोणी व्हावे हे ठरविण्याचा अधिकार अमेरिकन मतदारांचा आहे. त्यात आम्ही नाक खुपसू इच्छीत नाही. परंतु त्या निवडणुकीचे परिणाम अमृतसरच्या विमानतळावर आणि पुण्या-मुंबईच्या घराघरांत येऊन पोहोचले असल्यामुळे त्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, प्रश्न खरा होता. अमेरिका व मेक्सिको यांच्यामधील सरहद्द तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची आहे. २०२२ आणि २०२३ या दोन्ही सरकारी वर्षांत ती परवान्यावाचून ओलांडणाऱ्यांस सीमारक्षकांनी वीस लाखांहून अधिक वेळा पकडले. एकच माणूस पुन्हा पुन्हा पकडला जातो, म्हणून हा आकडा माणसांचा नव्हे, प्रसंगांचा आहे. तरीही तो लहान नव्हे. एकट्या डिसेंबर २०२३ या महिन्यात ही संख्या अडीच लाखांच्या घरात गेली. पकडलेल्यांपैकी पुष्कळांनी आश्रयाचा अर्ज करावा आणि त्या अर्जाचा निकाल लागण्यास वर्षानुवर्षे लागावीत, असा प्रकार झाला. परकीयांचे हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांपुढे पस्तीस लाखांहून अधिक प्रकरणे तुंबून राहिली. टेक्सस राज्याचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी एप्रिल २०२२ पासून या लोकांस बसगाड्यांत बसवून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो या डेमोक्रॅटिक शहरांकडे पाठविण्याचा सपाटा लावला, आणि सरहद्दीचे दुखणे सरहद्दीपासून हजारो कोसांवरील नगरपित्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. न्यूयॉर्क शहरातच दोन लाखांहून अधिक निर्वासित येऊन दाखल झाले. या साऱ्या काळात अध्यक्ष बायडेन यांच्या सरकारने आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी वागणूक ठेविली, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल करावयास हवे.

ज्यांस या चिंतेत केवळ वंशद्वेषच दिसतो, त्यांनी टेक्ससमधील स्टार काउंटीकडे पाहावे. रिओ ग्रांद नदीच्या काठी वसलेल्या या मुलखात शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसे मेक्सिकन वा अन्य स्पॅनिशभाषी घराण्यांतील आहेत. १८९२ नंतर त्या काउंटीने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवारास कधी कौल दिला नव्हता. तो २०२४ साली दिला. महागाईचा भाग त्यात होताच. परंतु ज्यांचे आजे-पणजे स्वतः नदीपलीकडचे, त्यांसही अंगणातील अव्यवस्था नकोशी झाली होती. ज्या राष्ट्रास आपल्या दारातून कोण आत येते हे ठरविता येत नाही, त्या राष्ट्रातील सामान्य नागरिक अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता न्याय्य आहे. तिला हिणविणारे पुढारी आपणहून तिला दुसऱ्यांच्या हवाली करतात.

मग उत्तर नव्हते काय? होते. रिपब्लिकन पक्षाचे जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅटिक पक्षाचे ख्रिस मर्फी आणि अपक्ष सभासद किर्स्टन सिनेमा या तिघा सिनेटरांनी कित्येक आठवडे वाटाघाटी करून एक विधेयक सिद्ध केले होते. आश्रयाची कसोटी अधिक कडक करावी, अर्जांचा निकाल वर्षांऐवजी महिन्यांत लागावा, त्यासाठी अधिकारी वाढवावेत, आणि येणाऱ्यांची दैनिक सरासरी ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर सरहद्द तात्पुरती बंद करण्याचा अधिकार सरकारास असावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. सीमारक्षकांच्या संघटनेने, जी डोनाल्ड ट्रम्प यांची पाठीराखी म्हणून प्रसिद्ध आहे तिनेदेखील, या विधेयकास पाठिंबा दिला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि ७ फेब्रुवारीस त्याचा निकाल लागला. ते पुढे नेण्यास साठ मते हवी होती. अनुकूल पडली एकोणपन्नास. चार दिवसांचेही आयुष्य त्यास लाभले नाही!

असे का व्हावे? ट्रम्प यांनी आपल्या पक्षाच्या सभासदांस हा समझोता मोडून काढण्याचे जाहीर आवाहन केले होते. दोष द्यावयाचा तर खुशाल मला द्या, असेही ते भर सभेत म्हणाले होते. विधेयक पुरेसे कडक नाही असे विरोधकांचे म्हणणे होते, आणि काहींचे ते प्रामाणिक असेलही. परंतु ज्या पक्षाने वर्षभर सरहद्दीच्या नावाने आक्रोश केला, त्याने बऱ्याच अंशी आपल्याच मागण्या मान्य करणारा कागद फाडून टाकावा, याचा अर्थ मतदारांस न कळण्याइतका गूढ नव्हता. आणि दुसऱ्या पक्षाचे तरी काय? ४ जून २०२४ रोजी बायडेन यांनी आपल्या अधिकारात हुकूम काढून आश्रयाचा मार्ग आवळला. मेक्सिकोच्या सरकारनेही आपल्या बाजूस बंदोबस्त वाढविला होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये पकडल्या जाणाऱ्यांची संख्या सत्तेचाळीस हजारांच्या आसपास उतरली. जे जूनमध्ये साधले, ते तीन वर्षे आधी का साधू नये? एकाने प्रश्नाकडे पाठ फिरविली, दुसऱ्याने त्यावर पोळी भाजून घेतली. प्रश्न मात्र बिचारा कोणाचाच नव्हता.

उत्तर बाजूस सारले म्हणजे उरते ती फक्त भीती. आणि भीतीस खाद्य लागते. १० सप्टेंबर २०२४ रोजी कमला हॅरिस यांच्याशी झालेल्या वादसभेत ट्रम्प यांनी ओहायोमधील स्प्रिंगफील्ड या गावाचे नाव घेतले आणि तेथे आलेले हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरे मारून खातात, असे कोट्यवधी श्रोत्यांसमोर सांगितले. गावच्या अधिकाऱ्यांनी यास कसलाही विश्वसनीय पुरावा नसल्याचे सांगितले. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन स्वतः रिपब्लिकन आणि त्याच गावी जन्मलेले. त्यांनीही या कंडीचा धिक्कार केला. ज्या हैतीवासीयांविषयी ती उठविली गेली, त्यांपैकी बहुतेकांचा तेथील वास कायदेशीर होता. तथापि बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या आणि चिमुकली मुले भेदरून घरी परतली. अनेक वर्षे शाळेत घालविलेल्या माणसास या शेवटच्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेच्या इतिहासात हे प्रथमच घडते आहे असे नाही. १८८२ साली तिने चिनी मजुरांस दार लावून घेतले. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांस, ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेले असूनही, हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे या कारणास्तव नागरिकत्व नाकारले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागास कुलूप लागले. त्याच सुमारास वर्ध्याकडील आमचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी आश्रय घेतला तो मेक्सिकोत. आणि त्या देशाने त्यांस चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक नेमून मक्याच्या संशोधनास वाव दिला. ज्या मेक्सिकोच्या नावाने आज भिंती उभ्या राहतात, त्या देशाचे एका मराठी माणसावर असे ऋण आहे. अमेरिकेचे कुलूप खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ साली, अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली तेव्हा. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गणेशोत्सव साजरा करणारी मराठी कुटुंबे त्या एका सहीची फळे आहेत.

निवडणूक संपली, सरहद्दही शांत झाली. २०२५ च्या सरकारी वर्षात मेक्सिकोच्या सरहद्दीवर पकडल्या गेलेल्यांची संख्या १९७० नंतरची सर्वांत कमी ठरली. या यशाचे श्रेय नव्या सरकारास दिलेच पाहिजे. परंतु भीतीवर स्वार झालेल्या राजकारणास सरहद्दीपाशी थांबता येत नाही, हाच या प्रकरणाचा खरा धडा आहे. सत्ताग्रहणाच्या दिवशीच, २० जानेवारी २०२५ रोजी, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर घाला घालणारा हुकूम निघाला. आणि त्यात चोरून आलेल्यांचीच नव्हे, तर तात्पुरत्या परवान्यावर कायदेशीरपणे नोकरी करणाऱ्यांची मुलेही गोवली गेली. ५ फेब्रुवारीस अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांस घेऊन अमृतसरला उतरले; त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. प्रवासात हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. अशा बंधनांचा नियम २०१२ पासूनचा आहे, असे आपले परराष्ट्रमंत्री राज्यसभेत म्हणाले. नियम जुना असेल. पण साखळदंडांतील माणसांची चित्रफीत काढून ती विजयचिन्हाप्रमाणे मिरविणे जुने नव्हते. सप्टेंबरमध्ये परदेशातून बोलवावयाच्या नव्या एच-वन-बी नोकरदारामागे एक लाख डॉलरांचा आकार बसविण्यात आला. या परवान्यांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांस मिळत आले आहेत. नदी पोहून येणाऱ्याच्या नावाने उठलेला सोटा असा पदवी घेऊन विमानाने येणाऱ्याच्या पाठीत बसला. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

आणि मतदारांचे मन? गॅलपच्या पाहणीत जून २०२४ मध्ये शंभरांतील पंचावन्न अमेरिकन परकीयांचे येणे कमी व्हावे असे म्हणत होते. जून २०२५ मध्ये असे म्हणणारे तीसच उरले. अव्यवस्था नको म्हणणारा नागरिक क्रौर्य मागत नव्हता, एवढेच यावरून सिद्ध होते. त्यास व्यवस्था हवी होती. व्यवस्था म्हणजे केवळ भिंत नव्हे. परवान्यावर विमानाने येऊन मुदतीनंतर राहून जाणाऱ्यास भिंत अडवू शकत नाही. शेतांत पिके काढणाऱ्या मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्के विनापरवाना असतील, तर त्यांस परत धाडून टोमॅटो कोण तोडणार, हा प्रश्नही भिंत सोडवू शकत नाही. पहारा चोख हवा, न्यायाधीश पुरेसे हवेत, निकाल त्वरित हवा, आणि श्रमास येण्यासाठी सरळ, उजळ दरवाजाही हवा. समोरचे दार अरुंद केले की मागच्या दाराशी दलालांचा धंदा बसतो.

या धंद्यात आपलाही वाटा आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. २०२३ च्या सरकारी वर्षात अमेरिकेच्या सरहद्दींवर सुमारे सत्त्याण्णव हजार वेळा भारतीय माणसे अडविली गेली. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातेतील एक कुटुंब, आई-बाप आणि दोन लेकरे, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातून अमेरिकेत शिरू पाहताना सरहद्दीपासून काही पावलांवर गोठून मरण पावले. जमिनी विकून दलालांच्या ओंजळीत पैसे ओतणारे हे लोक गुन्हेगार नव्हते. परंतु त्यांस मृत्यूच्या वाटेवर सोडणारे दलाल निश्चितच गुन्हेगार आहेत. त्यांच्या मुसक्या बांधणे हे वॉशिंग्टनचे नव्हे, आपल्या सरकारचे काम आहे. बेड्यांचा निषेध जरूर करावा. पण माणसे त्या बेड्यांपर्यंत का पोहोचतात, याचाही शोध घ्यावा.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. आपल्या संविधानाने प्रत्येक भारतीयास देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे अमेरिकेच्या सरहद्दीशी मुंबईची तुलना सरसकट होऊ शकत नाही. तरीही मते मागण्याचे दिवस आले की बाहेरच्यांच्या लोंढ्याची आठवण होणारे आणि मोजणी संपताच घरांचा, नोकऱ्यांचा व पाण्याचा प्रश्न विसरणारे पुढारी आम्हांसही अपरिचित नाहीत. न्यू जर्सीतील मुलाच्या परवान्याची काळजी वाहणाऱ्या आई-बापांनी आपल्या इमारतीच्या पायाडावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराकडे एकवार त्याच डोळ्यांनी पाहावे.

अमेरिकेत अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२८ साली व्हावयाची आहे. सरहद्दीचे नाव तेव्हाही निघेलच, आणि निघावेही. कारण सरहद्द राखणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. परंतु तेथील मतदाराने, आणि आपल्या प्रसंगी आपणही, व्यासपीठावरील प्रत्येक पुढाऱ्यास एकच प्रश्न खडसावून विचारावा: हा प्रश्न सोडविण्याची संधी आली होती, तेव्हा महाराज, आपला हात कोणत्या बाजूने वर झाला होता?